हाड ऐकतं तोवर

पहिल्यांदा फोन केला तेव्हा मला वाटलं, हा माणूस भर दुपारी पिऊन बसलाय. पलीकडून काहीतरी लोळागोळा आवाज आला, त्यातलं "कोन" एवढंच कळलं. खारघरला माझा दवाखाना नुकता सुरू झाला होता. वाकडे दात आणि मागेपुढे झालेले जबडे सरळ करणं हा माझा धंदा, आणि त्यासाठी लागणाऱ्या प्लेटी करून देणारा चांगला माणूस मी शोधत होते. कॉलेजातल्या एका सीनियरने नंबर देताना म्हटलं होतं, "बेलापूर गावात एक काका आहेत. हात सोन्याचा आहे, फक्त माणूस जरा विक्षिप्त आहे." जरा! मी फोन ठेवून दुसऱ्या लॅबचा नंबर शोधायला लागले, तेवढ्यात काकांच्या सुनेचा फोन आला.

"डॉक्टर, आज मंगळवार ना. मंगळवारी त्यांच्या तोंडात प्लेट असते. उद्या बोला तुम्ही."

या प्लेटी काय असतात ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. काही मुलांचा खालचा जबडा वाढीत मागे राहतो. हनुवटी गळ्याकडे ओढल्यासारखी दिसते, वरचे दात पुढे येतात, ओठ मिटत नाहीत. अशा मुलांना आम्ही दोन प्लेटी देतो, एक वरच्या दातांवर, एक खालच्या. दोन्हींवर उतरते ठोकळे असतात. तोंड मिटलं की ठोकळ्यावर ठोकळा घसरतो आणि खालचा जबडा आपोआप पुढे येऊन बसतो. रात्रंदिवस तसं बसलं की वाढत्या वयात जबडा तिथलाच होतो. प्लेटी काढता-घालता येतात हा त्यांचा गुण आणि हाच त्यांचा अवगुण. मुलं त्या काढतात. वडापावच्या कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकतात, उशीखाली विसरतात. एकाची तर घरच्या कुत्र्याने चघळली होती, आणि आई मला विचारत होती की धुऊन चालेल का.

काकांची साठी उलटलेली होती. त्यांचा जबडा आता तसूभरही हलणार नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी त्यांनी स्वतःच्या मापाच्या दोन प्लेटी केल्या होत्या, आणि दर मंगळवारी उठल्यापासून झोपेपर्यंत त्या तोंडात ठेवून ते काम करायचे. जेवायचेही तसेच. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "पोराला आपुन सांगतो, चोवीस तास लाव. मंग आपुन आठवड्यातून एक दिस तं लावावी ना."

गल्लीतल्या लोकांनी मात्र याचा वेगळाच अर्थ काढला होता. काका मंगळवारी बोलत नाहीत म्हणजे मौनव्रत धरतात, असं सगळीकडे झालं. मागच्या गल्लीतली एक बाई मुलाच्या नोकरीसाठी त्यांच्या दारात नारळ ठेवून जायला लागली. मुलाला नोकरी लागली आणि नारळ वाढले. सून म्हणायची, "मी चटणी वाटून वाटून थकले, पण यांनी कोणाला खरं सांगितलं नाही." काकांचं म्हणणं असं की नारळ कोणी प्लेटी करणाऱ्याला देत नाही, देवाला देतात, तर आपण मध्ये का पडा.

काका मूळ गावातलेच. जमीन शहरात गेली, बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर तीन मजली इमारत उभी राहिली, वरचे मजले भाड्याने गेले. त्यांच्या वयाचे बाकीचे लोक पांढरे कपडे घालून नाक्यावर राजकारण करत बसायचे. यांनी तरुणपणी एका दाताच्या कॉलेजात शिपायाचं काम धरलं होतं, तिथल्या लॅबमध्ये प्लेटीची तार वाकवायला शिकले आणि त्या तारेने त्यांना जन्मभर सोडलं नाही. तळमजल्याची शटरवाली खोली हीच त्यांची लॅब. सुनेला तिथे पार्लर टाकायचं होतं. ती मला चहा देताना हसत हसत गाऱ्हाणं घालायची, "लोकांचे सासरे नातवंडं सांभाळतात. आमचे लोकांचे जबडे सांभाळतात."

आणि ते खरंच होतं. तोंडाचं माप घेऊन आम्ही प्लास्टरचे जबडे ओततो, त्यावर प्लेट तयार होते. प्लेट झाली की बाकीच्या लॅबवाल्यांना त्या जबड्याचं काही घेणंदेणं नसतं. काका मात्र मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत त्याचा जबडा फेकायचे नाहीत. भिंतभर फळ्या आणि त्यावर शेकडो पांढरे जबडे. त्यावर नावं नव्हती. नावं आमच्या चिठ्ठ्यांवर असत. जबड्याच्या तळाशी काकांनी पेन्सिलीने स्वतःच्या मनचं लिहिलेलं असे: बडबडी. मामाकडे राहतो. पाण्याला भितो. अठरा पूर्ण झाली की तो जबडा हातोडीने फोडून काका दारासमोरच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात भरायचे. पावसात तो सगळा चुरा वाहून जायचा, पुढच्या वर्षी नवे अठरावाले तयार असायचे. मी एकदा म्हटलं, "काका, हे टिकत नाही." तर म्हणाले, "पालिकेचं तरी कुठं टिकतं?"

ही पेन्सिलीची माहिती त्यांना कुठून मिळायची, तर आमच्याकडूनच. त्यांची चिठ्ठी जगावेगळी होती. इतर लॅबवाले विचारतात नाव, वय, प्लेटीचा रंग. काका त्यावर आणखी तीन गोष्टी विचारायचे. पोर बोलकं आहे का? रात्री कोणाजवळ झोपतं? घरात रागं कोण भरतं? सुरुवातीला मला वाटलं, यांना काय करायच्यात लोकांच्या चौकशा? मी रकाने मोकळे सोडले तर ते काम हातात घ्यायचे नाहीत. बोलकं पोर असेल तर प्लेट जिभेपाशी आणखी पातळ घासायचे. जवळ झोपणाऱ्या माणसाला निरोप असायचा, की झोपेत प्लेट पडली तर ओरडू नका, उचलून हळूच बसवा. आणि रागं भरणाऱ्या माणसाला प्लेटीच्या कामापासून लांब ठेवा. "पोर त्याच्यावरचा राग प्लेटीवर काडतं," काका म्हणायचे, "आनि प्लेट बिचारी उलटून बोलत नाय."

मुलांना त्यांनी क्वचितच पाहिलेलं असे, पण तोंडं त्यांना पाठ होती. माझ्या ओळखीच्या एका घरातल्या लग्नात ते आले होते. जेवणाच्या वेळी नवरा-नवरी पंगतीत आग्रह करायला फिरत होते. नवरा काकांसमोर वाकून हसला, आणि काकांनी जिलबी ताटात ठेवून त्याच्या तोंडात पाहिलं. "खालचा डावा सुळा," ते म्हणाले. "तू नेरूळचा ना? दात सरल झाल्यावर रातची प्लेट लावायची, ती बंद केलीस." मुंडावळ्या बांधलेला तो बाप्या एकदम दहा वर्षांचा झाला. "सहा महिने लावली काका," म्हणाला. "तरीच!" असं म्हणून काका पुन्हा जिलबीकडे वळले. नवरीला काही कळेना, तिने बिचारीने स्वतःचं तोंड मिटून घेतलं ते पंगत संपेपर्यंत उघडलं नाही.

मागच्या वर्षी काका गेले. त्याआधीच आमच्याकडे तोंडात फिरवायचा कॅमेरा आला होता. माप कॉम्प्युटरवर जातं, प्लेट मशीनमधून छापून येते. काका तो कॅमेरा बघायला मुद्दाम खारघरला आले, खुर्चीत बसून स्वतःचं तोंड त्यात बघून घेतलं, आणि म्हणाले, "चांगला हाय. पन हा विचारतो का काय, पोर कोनाजवळ झोपतं?" ते गेल्यावर दोन महिन्यांनी मी भेटायला गेले. मला वाटलं होतं, लॅब रिकामी झाली असेल. सुनेने मशिनं विकली होती, खोलीला नवा रंग दिला होता, पण एका भिंतीवरच्या फळ्या तशाच होत्या, जबड्यांसकट. मी नुसतं पाहिलं तिच्याकडे. ती म्हणाली, "अठराची व्हायचीत अजून ती." बोलता बोलता तिने पदर डोळ्यांना लावला, आणि मग मलाही आवरलं नाही.

आता दिवाळ्याच्या मुलीचं सांगते, काका होते तेव्हाचं. ते सांगताना मला अजूनही स्वतःचा राग येतो.

दिवाळे म्हणजे बेलापूरच्या खाडीवरचं कोळ्यांचं गाव. तिथली एक मावशी आमच्या सोसायटीच्या गेटवर मासे विकायला बसायची. तिने एकदा मांदेली निवडता निवडता विचारलं, "डाक्टर बाय, आमच्या पोरीचं तोंडच मिटत नाय. शालेत चिडवतान तिला. काय होईल का?" मुलगी साडेबारा वर्षांची होती आणि त्या वर्षी भराभर उंच होत होती. हेच ते वय. काका म्हणायचे, "हाड आयकतं बाय, पन थोडेच दिस. मंग बहिरं होतं." बहिरं झालं की पुढे एकच उरतं, मोठेपणी जबडा कापून सरकवणं. मावशीला मी हे सगळं समजावून सांगितलं आणि मे महिन्याच्या सुट्टीत काम सुरू केलं.

जबडा किती पुढे आणायचा ते लॅबला कळावं म्हणून आम्ही मुलाला मऊ मेणावर चावायला सांगतो, खालचा जबडा पुढे धरून. ते मेण गार करून प्लास्टरच्या जबड्यांसोबत पाठवायचं. सगळी प्लेट त्या मेणावर अवलंबून. त्या दिवशी लॅबला सामान नेणारा माणूस रजेवर होता, म्हणून मीच मेणाचा डबा स्कूटरच्या डिकीत टाकून बेलापूरला निघाले. वाटेत आंबे दिसले. पेटीवाला ओळखीचा निघाला, भाव करण्यात, वास घेण्यात आणि गप्पा मारण्यात तास गेला. स्कूटर उन्हात. डबा काकांकडे टाकला आणि आंबे घेऊन घरी आले.

प्लेटी आल्या. मुलीच्या तोंडात बसवल्या तेव्हा एका बाजूचे ठोकळे टेकत होते, दुसऱ्या बाजूला फट होती. मला वाटलं, घाबरून वाकडं चावतेय, सवयीने बसेल. पुढच्या महिन्यात ती आली. "कानापाशी दुखतं," म्हणाली. मी तिला प्लेट घालून बोलायला लावलं. आमच्यात ही एक खात्रीची परीक्षा मानतात. जे मूल प्लेट लावतं त्याची जीभ आठवड्याभरात सरावते आणि ते स्वच्छ बोलतं. जे लावत नाही ते बोबडं बोलतं. ही बोबडी बोलली. मी म्हटलं, "तू लावत नाहीस." ती म्हणाली, लावते. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यात मी मावशीसमोर म्हटलं, "ही खोटं बोलतेय. असं केलं तर मी काही करू शकणार नाही." मावशीने तिथेच तिच्या पाठीत धपाटा घातला. घरी आणखी पडले असणार. मुलीने नंतर "लावते" म्हणणंही सोडून दिलं.

ऑक्टोबरात मावशी एकटीच आली, हातात रुमालात बांधलेल्या प्लेटी. मुलीने भिंतीवर आपटल्या होत्या, तार वाकडी झाली होती. मी त्या तशाच काकांकडे पाठवल्या, वर चिठ्ठी: मुलगी लावत नाही, तार बदलून द्या.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मंगळवार होता आणि काका स्वच्छ बोलत होते. त्यांनी तोंडातली प्लेट काढून ठेवली होती.

"डाक्टर, पोर खोटी नाय. इकडं या."

मी गेले. त्यांनी प्लेट दिव्याखाली धरली. एका बाजूच्या ठोकळ्यावर चावून चावून खड्डे पडले होते, चकाकी पार गेली होती. दुसरी बाजू काल घासून दिल्यासारखी कोरी. "पाच म्हयने रोज लावल्याबिगर असं होत नाय," काका म्हणाले. "एका बाजूनं सगला भार. कान दुखल नायतर काय? आनि अशी वाकडी प्लेट घेऊन कोन साफ बोलल?" मग त्यांनी फळीवरून तिचा जबडा काढला आणि खणातून ते मेण काढलं. मेण दातांवर ठेवलं तर ते एका कडेने वर राहत होतं. दिव्याच्या उजेडात ते जरासं झुकलेलं स्पष्ट दिसत होतं.

"हे उनात व्हतं?"

माझ्या डोळ्यांपुढे आंब्याची पेटी आली. मी मान हलवली.

"माज्या हातात तवाच हललं व्हतं," काका म्हणाले. "बसत नव्हतं. मना वाटलं, डाक्टरनी घेतलंय, बरोबरच असल. मी दाबून बसवलं." आणि हा माणूस, ज्याने लग्नाच्या पंगतीत नवरदेवाला झापलं होतं, तो स्वतःच्या कपाळावर हात मारून खुर्चीत बसला. "फोन कराया पायजे व्हता. एक फोन."

पाच महिने गेले होते. हाड ऐकत होतं तेवढ्या दिवसांतले पाच. आणि मुलीने आता कुठलीच प्लेट लावणार नाही म्हणून सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, मावशीला फोन करून बोलावते. काका म्हणाले, "बोलवायचं नाय. आपुन जायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दिवाळ्याला गेलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मावशीच्या दारात जवळा वाळत होता, ती ओट्यावर उरलेले मासे बर्फात भरत होती. मुलगी नुकती शाळेतून आली होती, दप्तर पाठीवर तसंच. आम्हाला बघून ती दाराच्या आत सरकली.

काका सरळ तिच्यापुढे गेले आणि त्यांनी हात जोडले. "बाय, मी तुझी प्लेट करनारा. वाकडी केली मी. तुझी काय चूक नाय."

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला सुटायचं असतं तर तेवढ्यावर सुटता आलं असतं. काकांनी सगळं अंगावर घेतलंच होतं. पण त्या नजरेसमोर ते जमलं नाही.

"यांची नाही, माझी चूक आहे," मी म्हटलं. "तुझं मेण मी उन्हात ठेवलं. आंबे घेत होते मी. ते मऊ पडून वाकलं, म्हणून प्लेट वाकडी झाली. तू खरं सांगत होतीस आणि मी तुला खोटी म्हटलं."

ती म्हणाली, "मला नका सांगू. मला माहितीये मी लावत होते. आईला सांगा."

मावशी चार हातांवर होती, तिने सगळं ऐकलेलं होतं. तरी मी ओट्यापाशी गेले, तिच्यासमोर उकिडवी बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, आंब्यांसकट. ती बर्फात हात घालून बसली होती. मुलीकडे वळून ती म्हणाली, "पोरी, मंग मी तुला मारली ती..." आणि तिथेच अडकली. पदराला हात पुसत उठली, मुलीच्या पाठीवरचं दप्तर काढून घेतलं आणि जिथे धपाटे घातले होते तिथून हात फिरवत राहिली. मुलगी रडली ती तेव्हा.

बऱ्याच वेळाने नाक पुसून तिने काकांना विचारलं, "आता परत लावली तर होईल?"

"होईल," काका म्हणाले. "अजून आयकतंय तुजं हाड. पन उद्या-परवा नाय करायचं. आज."

माझ्या बॅगेत मेण होतंच. मावशीने चुलीवर पाणी गरम करून दिलं. मुलगी ओट्यावर बसली, तिने डोकं मागे केलं आणि माझ्यासमोर तोंड उघडलं. काका बाजूला उभे राहून बघत होते, दोनदा "थोडं डावीकडं" म्हणाले, आणि बाकी काही नाही. मेण निघालं, नीट निघालं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं.

मावशीने न सांगता माशांचा थर्माकोलचा छोटा डबा रिकामा केला, घासून धुतला, बर्फ फोडून भरला, पिशवीत गुंडाळून मेण त्यावर ठेवलं आणि झाकण लावून माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केले.

"तुमच्याकडे नको," मुलगी म्हणाली आणि डबा तिने घेतला.

रिक्षात ती काकांच्या आणि माझ्या मध्ये बसली, मांडीवर तो डबा. बेलापूरपर्यंत तिने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. बर्फाचं पाणी झिरपून तिचा शाळेचा स्कर्ट भिजत होता, तरी हलली नाही. लॅबमध्ये काकांनी मेण तिच्या जबड्यावर ठेवून बोटाने हलवून पाहिलं, मग तिलाही हलवून पाहायला सांगितलं. तिने पाहिलं, नीट, दोन्ही कडांनी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता बरोबर आहे, डॉक्टर."